बघ्या

मोहित सुरी यांचा ‘कलयुग’ २००५ च्या डिसेंबरात आला. कुणाल आणि रेणुका हे नवं जोडपं मधुचंद्राला जातं, हॉटेलच्या खोलीत कुणीतरी कॅमेरा दडवून ठेवलेला असतो, आणि त्यांच्या खासगी क्षणांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जाऊ लागतं. पोलीस येतात ते याच दोघांना पकडायला. रेणुका आत्महत्या करते. कुणाल गुन्हेगारांच्या मागावर झुरिकला पोहोचतो, आणि तिथून पुढे चित्रपट पाठलागाचा, हाणामारीचा, सूडाचा होतो. प्रेक्षक अशा चित्रपटांना सूडासाठी जातात हे खरं, पण माझ्या मनात रुतून बसलाय तो अटकेचा प्रसंग. पोलिसांपुढे एक चित्रफीत आहे आणि तिला चिकटवायला ‘अश्लील’ हा एकच शब्द आहे. चित्रफितीत दिसतात ती दोनच माणसं. चित्रण करणारा चित्रात नसतोच. मग तो शब्द जाऊन चिकटतो दिसणाऱ्यांना.

आपल्या रोजच्या मराठीतही हेच घडत असतं. वर्तमानपत्रात वरचेवर भेटणारं हे वाक्य घ्या: ‘अश्लील चित्रफीत व्हायरल करण्याची धमकी देऊन तरुणीकडून तीन लाख रुपये उकळले.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. कर्मणी प्रयोगात कर्ता गाळला तरी चालतो. पण चित्रफीत कुणी केली, धमकी कुणी दिली, पैसे कुणी उकळले, हे सगळं वाक्याबाहेर राहिलं आणि नजरेसमोर उभी राहिली ती एकटी तरुणी. तिच्या शेजारी ‘अश्लील’ हे विशेषण. या वाक्यातले आणि त्याच्या आसपासचे शब्द एकेक करून उचलून पाहावेत असं फार दिवस मनात होतं.

कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो. ग्रीक भाषेत ‘कमारा’ म्हणजे कमानीचं छत. लॅटिनमध्ये तोच शब्द ‘कामेरा’ होऊन खोलीला लागला. पोर्तुगीजांनी तो ‘कामारा’ या रूपात इकडे आणला. गोव्यात त्यांच्या काळी नगरपालिकेला ‘कामारा म्युनिसिपाल’ म्हणत. सभा ज्या दालनात भरते त्या दालनाचंच नाव संस्थेला पडलं. हिंदुस्थानीतला ‘कमरा’ हा याच पोर्तुगीज शब्दाचा वंशज. दुसरीकडे, अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं, हे कित्येक शतकं माहीत होतं. योहानेस केपलरने १६०४ मध्ये अशा खोलीसाठी ‘कामेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, हे नाव वापरलं. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीची डबी झाली, ‘अंधारी’ हे विशेषण गळून पडलं आणि ‘खोली’ तेवढी उरली. तेव्हा कमऱ्यात कॅमेरा दडवणं म्हणजे शब्दशः खोलीत दुसरी खोली दडवणं. पहिल्या खोलीला आतून कडी लावलेली असते. दुसरीची किल्ली तिसऱ्याच कुणाच्या तरी हातात असते.

याच शब्दाने आपल्याकडे आणखी एक घोटाळा करून ठेवला आहे. कायद्यात ‘इन कॅमेरा’ म्हणजे बंद खोलीत. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी इन कॅमेरा व्हावी अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची तरतूद आहे. ती पीडितेला नजरांपासून वाचवण्यासाठी आहे. आपल्या बातम्यांत मात्र ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असंही छापून येतं, आणि तिथे अर्थ असतो कॅमेऱ्यासमोर, चित्रीकरण करून. एकाच शब्दप्रयोगाचे दोन अगदी उलटे अर्थ शेजारीशेजारी नांदताहेत. ‘इन कॅमेरा सुनावणी’ हे शब्द ऐकून न्यायालयात आपलं चित्रण होणार की काय, या धास्तीने एखादी मुलगी जबाब द्यायला कचरली तर दोष तिचा नाही. ‘बंद दाराआड’ हा आपला रोजचा शब्दप्रयोग हाताशी असताना तो का वापरू नये?

व्हिडिओ हेही मूळचं लॅटिन क्रियापद. ‘व्हिडेओ’ म्हणजे ‘मी पाहतो’. चोरून पाहण्यात सुख मानणाऱ्यासाठी इंग्रजीने फ्रेंचमधून ‘वॉयर’ हा शब्द उचलला, त्याचंही मूळ तेच, पाहणं. न्यायालयात पुराव्याला म्हणतात तो ‘एव्हिडन्स’ पुन्हा त्याच घरातला: जे स्पष्ट दिसतं ते. या युरोपीय कुळाचा संस्कृतातला भाऊ म्हणजे ‘विद्’ धातू. आपल्याकडे पाहण्याचा अर्थ मागे पडून जाणण्याचा पुढे आला, आणि त्यातून वेद, विद्या, विद्वान हे शब्द निघाले. याच धातूपासून ‘वेदना’ही निघाली. मनाला किंवा शरीराला जे जाणवतं ते, आणि मग जे दुखतं ते. एका मुळातून चोरून पाहणाऱ्याचं नाव, त्याच्या हातातली चित्रफीत, त्याच्याविरुद्धचा पुरावा आणि जिच्यावर हे गुदरतं तिची वेदना, असे चारही शब्द फुटलेले आहेत. व्युत्पत्तीच्या अभ्यासात असा योगायोग फार क्वचित भेटतो.

मराठीत चोरून पाहण्याच्या क्रिया भरपूर आहेत. आपण डोकावतो, म्हणजे डोकं आत घालतो. आपण वाकून बघतो. ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून’ ही म्हण तर घरोघरी आहे. टेहळणी करतो, हेरतो. ‘हेरणे’चा प्राकृतातला अर्थ निव्वळ पाहणं असा होता; पुढे पाहणारा तो हेर झाला आणि राजकारणात जाऊन बसला. ‘पाळत’ हा शब्द सगळ्यांत बोलका. पाळणे म्हणजे राखणे, सांभाळणे. त्यातून राखण करण्यासाठी नजर ठेवणं, आणि मग निव्वळ नजर ठेवणं. मुलीवर पाळत ठेवणारा भाऊ किंवा शेजारी आपण तिची काळजीच घेतो असं समजतो, तेव्हा या शब्दाचे जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ एकदमच बोलत असतात.

एवढ्या क्रिया असून करणाऱ्याला नाव नाही. चोरी करतो तो चोर, चहाडी करतो तो चहाडखोर, लाच खातो तो लाचखोर. न्हाणीघराच्या फटीतून बघणाऱ्याला काय म्हणायचं? शिव्या पुष्कळ आहेत, पण त्या कोणत्याही माणसाला देता येतात. त्याने नेमकं काय केलं ते त्यांतून कळत नाही. इंग्रजीला ‘पीपिंग टॉम’ मिळाला तो कॉव्हेन्ट्री गावच्या दंतकथेतून. लेडी गोडायव्हा नग्न होऊन घोड्यावरून गेली तेव्हा सगळ्या गावाने खिडक्या लावून घेतल्या आणि एका टॉमने मात्र डोकावून पाहिलं, अशी ती गोष्ट. गोडायव्हाची कथा मध्ययुगातली, टॉम तिच्यात मागाहून, सतराव्या शतकाच्या सुमारास शिरला. लोकांना गोष्टीत त्या बघणाऱ्याची उणीव भासली असावी. आपल्या कायद्याच्या हिंदी भाषांतरात या गुन्ह्याला ‘दृश्यरतिकता’ म्हटलं आहे. शब्द संस्कृताच्या नियमाने घडवलेला आहे, पण तो एखाद्या विकाराचं नाव वाटतो. पोलीस ठाण्यात घाबरत आलेली मुलगी ‘माझ्याबाबतीत दृश्यरतिकता घडली’ असं कधी म्हणेल?

मराठीत पाहण्यावरून पडलेलं माणसाचं एक नाव आहे, ‘बघ्या’. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता धमकीकडे वळू. ‘ब्लॅकमेल’ या नावाचे हिंदीत निदान दोन चित्रपट निघाले. १९७३ चा विजय आनंद यांचा, आणि २०१८ चा अभिनय देव यांचा; अभिनय म्हणजे रमेश आणि सीमा देव यांचे चिरंजीव. दुसऱ्यात इरफान खानने रंगवलेला नवरा एके दिवशी लवकर घरी येतो, बायकोला दुसऱ्या पुरुषाबरोबर पाहतो, आणि आरडाओरडा करण्याऐवजी त्या पुरुषाकडून पैसे मागायला सुरुवात करतो. पाहणं आणि पैसे मागणं यांचा सांधा तिथे स्वच्छ दिसतो. जे पाहिलं त्याचं भांडवल होतं.

शब्द ऐकून बहुतेकांना वाटतं की ब्लॅकमेलचा टपालाशी संबंध असावा. काळी चिठ्ठी, निनावी पत्र, असं काहीतरी. टपालाचा ‘मेल’ जुन्या फ्रेंचमधल्या पिशवीवरून आला. ब्लॅकमेलमधला मेल निराळाच आहे. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत ‘माल’ म्हणजे बोलणं, ठराव. स्कॉटलंडमध्ये त्यावरून ‘मेल’ म्हणजे ठरलेला खंड, जमिनीचं भाडं. सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर गुरं पळवणाऱ्या टोळ्या होत्या. त्यांचे म्होरके शेतकऱ्यांना सांगत, आम्हाला वर्षाला इतकं द्या, मग तुमच्या गुरांना कुणी हात लावणार नाही. जमीनदाराला द्यायचा तो खरा मेल, आणि टोळीला द्यायचा तो काळा. चांदीच्या नाण्यांत दिलेला खंड तो पांढरा आणि गुराढोरांत, धान्यात दिलेला तो काळा, असंही एक स्पष्टीकरण देतात. १६०१ मध्ये, एलिझाबेथ राणीच्या शेवटच्या वर्षांत, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या परगण्यांसाठी या वसुलीविरुद्ध कायदा झाला. पुढे वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांनी हा सरहद्दीवरचा शब्द सगळ्या इंग्रजी वाचकांपर्यंत नेला, आणि गुपित फोडण्याची धमकी देऊन पैसे काढणं हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला.

हे वाचताना मराठी माणसाला ‘खंडणी’ आठवल्याशिवाय राहणार नाही. खंडणे म्हणजे तोडणे, आणि व्यवहारात म्हणजे एकदाचा भाव तोडून ठरवणे. खंडून घेणे, खंडून देणे. कोकणात कुळाने खोताला किंवा जमीनमालकाला द्यायच्या ठरीव धान्याला ‘खंड’ म्हणत. त्याच धातूपासून खंडणी. म्हणजे सरहद्दीवरच्या स्कॉट शेतकऱ्याने आणि कोकणातल्या कुळाने एकमेकांना न भेटता एकाच वाटेने शब्द चालवला: आधी ठरवणं, मग भाडं, मग जबरदस्तीची वसुली. सतराव्या-अठराव्या शतकात खंडणी हा राज्यव्यवहारातला शब्द होता. १६६४ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांकडे मागितली ती खंडणीच. खंडणी भरली की ‘कौल’ मिळे. कौल म्हणजे अभयाचा कागद. शब्द अरबी, आणि त्याचाही मूळ अर्थ बोलणं, दिलेला शब्द. नॉर्स ‘माल’ आणि अरबी ‘कौल’, दोन्हींच्या मुळाशी बोलणंच आहे. पैसे घेणाऱ्याने शब्द द्यायचा आणि तो पाळायचा, ही त्या व्यवहाराची अट होती.

आजच्या ब्लॅकमेलमधून नेमका हा कौलच गेला आहे. जुन्या हिंदी चित्रपटांत खलनायक शेवटी पाकिटातून निगेटिव्ह काढून देई, नायिका ती जाळी, आणि धमकी संपे. फिल्मची निगेटिव्ह एकच असते, म्हणून ती परत करता येते. मोबाइलमधली चित्रफीत परत करता येत नाही. तिच्या किती प्रती निघाल्या हे धमकी देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यामुळे पैसे दिले तरी मागणी थांबत नाही; पुढच्या महिन्यात पुन्हा फोन येतो. अनोळखी व्हिडिओ कॉल घेतल्यावर पडद्याचं चित्रण करून लुबाडण्याचे जे प्रकार चालतात, त्यांत सापडलेल्या माणसाला पोलीस सांगतात की पहिला पैसाही देऊ नका आणि ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. या सल्ल्यामागचं कारण हेच. देऊन सुटका होईल असा ठराव इथे नसतोच.

खंडणी हा शब्द मात्र टिकला. मुंबईत गुन्हे शाखेच्या एका पथकाचं नाव ‘खंडणीविरोधी पथक’, म्हणजे राज्यव्यवहारातला शब्द टोळ्यांच्या व्यवहारात उतरला. त्याच्या जोडीला ‘हप्ता’ आहे. फारसीत हफ्त म्हणजे सात, आपल्या ‘सप्त’चा सख्खा भाऊ, आठवड्याला द्यायचा तो हप्ता, मग महिन्याला दिला तरी हप्ताच. कायद्याच्या पुस्तकातला इंग्रजी ‘एक्सटॉर्शन’ हा पिळण्यावरून आला आहे, आणि मराठीतही ‘पिळून काढणे’, ‘पिळवणूक’ याच अर्थाने चालतात. कायद्याच्या मराठीत बलाद्ग्रहण म्हणतात, तो शब्द मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही.

पण धमकी चालते कशाच्या जोरावर? सुरतेच्या व्यापाऱ्याला मालमत्तेचं भय होतं, सरहद्दीवरच्या शेतकऱ्याला गुरांचं. चित्रफितीच्या धमकीत ज्या गोष्टीचं भय घातलं जातं तिचं मराठी नाव ‘अब्रू’. हा फारसी ‘आब-रू’. आब म्हणजे पाणी, आपल्या ‘अप्’चाच भाऊ, पंजाब आणि गुलाब यांतही तोच. रू म्हणजे चेहरा, ‘रूबरू’मधला. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, तेज, मोत्याला असतं तसं. मराठीने हा परका शब्द चटकन आपला केला कारण ती कल्पना इथे आधीच मुरलेली होती. आपल्याकडे माणूस पाणीदार असतो, घोडाही पाणीदार असतो, आणि चारचौघांत अपमान झाला की त्याचा पाणउतारा होतो. ‘पाणउतारा’ हे जणू आब-रू जाण्याचं भाषांतरच आहे.

इथे एक गोष्ट मला फार खटकते. पाणउताऱ्यात उतरवणारा असतो. पाणउतारा कुणीतरी ‘करतो’. अब्रू मात्र ‘जाते’. ‘तिची अब्रू गेली’ या वाक्यात काय घडलं, कुणी केलं, काहीच नाही. ‘अब्रू लुटली’ म्हणताना लुटणारा निदान क्रियापदात सावलीसारखा उभा असतो, पण जे लुटलं ते तिच्याकडून कायमचं गेलं, ही समजूत त्या शब्दाने पक्की केली. ज्याने चोरून पाहिलं, चित्रण केलं, विकलं, त्याची अब्रू गेली असं कुणी म्हणत नाही. खरं तर या सगळ्या प्रकारात ज्याच्या तोंडावर पाणी राहू नये असा माणूस तोच. रेणुकाचा जीव ज्या भीतीने जातो तिचं अर्धं बळ या एका शब्दाचं आहे, असं मी अतिशयोक्ती न करता म्हणतो. कारण घरचे, शेजारचे, ठाण्यातले सगळे तिच्याशी याच शब्दातून बोलतात, आणि तीही स्वतःशी याच शब्दातून बोलते.

चित्रपटाचं नाव या संदर्भात विचार करायला लावतं. कलियुगातला कलि हा देवी काली नव्हे; त्याचा काळ्या रंगाशीही संबंध नाही. कृत, त्रेता, द्वापर, कलि ही मुळात द्यूतातल्या दानांची नावं, आणि कलि हे सगळ्यांत वाईट, हरणारं दान. कलहाचा अर्थही त्याला आहे; ‘कळीचा नारद’मधली कळ तीच. ज्या द्यूताने महाभारताला कलाटणी दिली त्यात पणाला लागली द्रौपदी, आणि सभेत तिच्या वस्त्राला हात घातला गेला. तिथे तिने प्रश्न विचारला तो कायद्याचा होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? स्वतः हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कुठला? भीष्माने उत्तर टाळलं. धर्म सूक्ष्म आहे म्हणाला. आपण त्या प्रसंगाला ‘द्रौपदीवस्त्रहरण’ म्हणतो. हजारो वर्षं नाव तिचंच चालत आलं आहे. दुःशासनाचं नाव त्या समासात नाही, आणि बसून पाहणाऱ्या सभेचंही नाही.

आता ‘अश्लील’. हा शब्द ‘अश्रील’पासून आला, ‘र’चा ‘ल’ झाला. ज्याला श्री नाही ते, म्हणजे शोभा नसलेलं, कुरूप. नवराबायकोच्या शेजेत श्री नाही असं कोण म्हणेल? आंघोळ करणाऱ्या बाईच्या अंगात अश्लील काय आहे? कुरूपता असेल तर ती फटीला लावलेल्या डोळ्यात आहे. पण २००५ मध्ये भारतीय कायद्याकडे मुख्यतः हाच शब्द होता. दंड संहितेचं २९२ कलम आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ कलम, दोन्ही अश्लील सामग्रीच्या प्रसाराबद्दल. दाखवलेली वस्तू कशी आहे, एवढंच ती विचारत. ती दाखवायला चित्रात दिसणाऱ्या व्यक्तीची संमती होती का, हे विचारतच नसत. २००४ च्या अखेरीला दिल्लीत एक चित्रफीत मोबाइलवरून पसरली आणि लिलावाच्या एका संकेतस्थळावर विकायला ठेवली गेली, तेव्हाही सगळा खल अश्लीलतेच्या कलमांभोवतीच झाला. त्या प्रकरणाने आपल्याला ‘एमएमएस’ हा शब्द दिला. मूळ अर्थ चित्रं-ध्वनी पाठवण्याची एक मोबाइल सेवा. अर्थ उरला चोरून काढलेली किंवा चोरून पसरवलेली चित्रफीत, आणि लोक ‘अमकीचा एमएमएस’ म्हणू लागले. षष्ठी विभक्ती लावली की मालकी ठरते. जे तिने केलं नाही, पाठवलं नाही, ते तिचं झालं.

बदल आला तो टप्प्याटप्प्याने. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-ई हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं. कोणत्याही व्यक्तीच्या गुप्तांगाचं चित्र तिच्या संमतीशिवाय टिपणं किंवा पाठवणं हा गुन्हा झाला. मग २०१३ च्या फेब्रुवारीत दंड संहितेत ३५४-सी आलं, जे आता भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम आहे. त्याची वाक्यरचना मुद्दाम वाचावी. इंग्रजी मजकूर सुरूच होतो ‘जो कोणी’ या अर्थाच्या शब्दाने. पुढे: जिथे आपल्याला कुणी पाहत नाही अशी स्त्रीची रास्त अपेक्षा असते अशा स्थितीत तिला खासगी कृती करताना पाहील, तिचं चित्र टिपेल किंवा ते पसरवेल. पहिल्या गुन्ह्याला किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षं कैद. पुन्हा केला तर तीन ते सात. कर्ता वाक्याच्या तोंडाशी आहे, आणि ‘अश्लील’ शब्द कुठेच नाही. त्याची जागा ‘खासगी’ने घेतली. कलमाच्या स्पष्टीकरणात आणखी एक मोलाची गोष्ट आहे: तिने चित्र काढायला संमती दिली असली, पण तिसऱ्याला दाखवायला दिली नसली, तरी पसरवणारा गुन्हेगारच. ‘तिनेच काढू दिलं ना?’ या प्रश्नाला कायद्याने तिथे कायमचं उत्तर दिलं. कलमाला उणेपण आहे. ते पीडित म्हणून फक्त स्त्रीलाच धरतं. ‘कलयुग’मधल्या कुणालचंही चित्रण झालं होतं, त्याला या कलमाचा उपयोग नाही. हे दुरुस्त व्हायला हवं.

‘खासगी’चा प्रवासही सांगण्याजोगा आहे. अरबी ‘खास’वरून तो आला. पेशवाईत आणि संस्थानांत खासगी म्हणजे राज्यकर्त्याच्या घरचा स्वतंत्र कारभार, दौलतीपासून वेगळा. होळकरांची खासगी प्रसिद्धच आहे. अहिल्याबाईंची कितीतरी दानं त्यातून झाली. जे एकेकाळी फक्त राज्यकर्त्यांना असे ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केलं. हॉटेलात एका रात्रीचं भाडं भरलेल्या जोडप्यालाही आता खासगी आहे.

आणि ‘व्हायरल’. लॅटिन ‘व्हायरस’ म्हणजे विष, संस्कृत ‘विष’चाच नातलग. व्हायरल म्हणजे मुळात विषाचं. विष पसरतं ते आपोआप, म्हणूनच आपण ‘क्लिप व्हायरल झाली’ असं अकर्मक क्रियापदात म्हणत असू. पण चित्रफीत आपोआप पसरत नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी बोट लावून ती पुढे पाठवलेली असते.

हा पाठवणारा कोण, असा विचार करताना मला ‘बघ्या’ आठवतो. अपघात झाला की बघ्यांची गर्दी जमते. पोलीस हातावर हात ठेवून उभे राहिले की त्यांनी बघ्याची भूमिका घेतली म्हणतात. या शब्दात थोडा दोष आहे, पण गुन्हा नाही. बघ्याने काही केलं नाही एवढीच त्याच्याबद्दल तक्रार. कुटुंबाच्या गटात, मित्रांच्या गटात चित्रफीत येते, ती उघडून पाहणारा स्वतःला याच अर्थाने बघ्या समजतो. कॅमेरा त्याने लावला नाही, पैसे त्याने मागितले नाहीत. मात्र ७७ व्या कलमात ‘पसरवेल’ हा शब्द आहे, आणि ज्या क्षणी तो ती चित्रफीत दुसऱ्या गटात टाकतो त्या क्षणी तो त्या वाक्याचा कर्ता होतो. धमकी देणाऱ्याचा सगळा धंदाही याच्याच भरवशावर उभा आहे. बघायला कुणी नसेल तर ‘व्हायरल करीन’ या धमकीला काय किंमत? मराठीला चोरून पाहणाऱ्यासाठी नवा शब्द घडवावा लागेल की ‘बघ्या’लाच हा अर्थ चढेल, हे बोलणारे ठरवतील. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. शब्द तयार आहे, सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याने सुरतेच्या खंडणीपासून मुंबईच्या खंडणीपर्यंत आलेल्या शब्दासारखा आपला अर्थ गडद करून घेतला तर त्यात नवल नाही.